मॉन्ट्रोला दोन रात्री राहायचं की नुसता पुतळा बघून पुढची गाडी पकडायची?

सायली_कुठेतरी

लोकहो, जरा मदत करा, घरात शीतयुद्ध चालू आहे. सप्टेंबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई (वय ६९, गुडघे कुरकुरतात पण उत्साह माझ्यापेक्षा जास्त) स्वित्झर्लंडला चाललोय, नऊ दिवस, टूरबिर नाही, आपलं आपण. जिनिव्हाला उतरायचं, झुरिकहून परत. इंटरलाकन, लुसर्न हे नेहमीचं आहेच, त्यावर भांडण नाही. भांडण आहे ते जिनिव्हाच्या तळ्याकाठच्या मॉन्ट्रो गावावरून. मला तिथे दोन रात्री हव्यात आणि नवरा म्हणतो, एका फ्रेडी मर्क्युरीच्या पुतळ्यासाठी दोन रात्री?? उतरू, फोटो काढू, पुढची गाडी.

मी कॅसेटच्या काळापासूनची क्वीनवाली, म्हणजे फ्रेडी ज्या रॉक बँडचा गायक होता त्या क्वीनची. इतकी कॅसेट घासली की रीळ बाहेर यायचं आणि पेन्सिल घालून गुंडाळत बसायचे. त्यामुळे मी काही बोलले तरी "तू फॅन आहेस, तुझं मत धरायचं नाही" असं म्हणून माझं मत बाद होतं. सासूबाई भीमसेन आणि किशोरीताई ऐकणाऱ्या, त्यांना फ्रेडी मर्क्युरी कोण हे माहीत नाही आणि इंग्रजी गाणं म्हणजे आरडाओरडा असा त्यांचा एकंदर समज.

तर प्रश्न असा की जाझ फेस्टिव्हल जुलैत असतो, तो संपल्यावर सप्टेंबरात तिथे संगीताचं म्हणून काही उरतं का, की नुसती पाटी असते "इथे अमुक झालं होतं" आणि आपण मान डोलवायची? आणि गुडघेवाल्या माणसाला ते गाव झेपतं का? आणि शुद्ध शाकाहाराचं काय? मॉन्ट्रो असाच उच्चार ना? नवरा मुद्दाम "मॉन्ट्रेक्स" म्हणतो, मला चिडवायला.

धोपटमार्ग

नवऱ्याचं बरोबर आहे, सॉरी. मी गेलोय. तळ्याकाठी फुलं, पामची झाडं, जुनी भपकेबाज हॉटेलं आणि कडक इस्त्रीच्या पँटी घातलेले पेन्शनर. पुतळा दहा मिनिटं, शियाँचा किल्ला दीड तास, एक कॉफी जिचं बिल बघून घसा कोरडा पडतो, झालं. दोन रात्रींचे पैसे लाउटरब्रुनेनला टाका, धबधबे तरी दिसतील.

बेसगिटार_वाला

धोपटमार्गभाऊ, तुम्ही गाव बघितलंत, ऐकलं नाहीत :) आता माझं जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

सायली, आधी सरळ उत्तर, दोन रात्री घे. एक नाही, दोन. कारण एका रात्रीत तू फक्त सामान चढवत उतरवत बसशील आणि मग नवरा म्हणेल बघ, मी म्हटलं नव्हतं?

आता का ते सांगतो. पुतळा प्लास द्यू मार्शे म्हणजे बाजाराच्या चौकात, अगदी पाण्याला लागून आहे. जुन्या लोखंडी खांबांच्या बाजार-मंडपाकडून चालत आलीस की आधी त्याची पाठ दिसते, कारण तोंड तळ्याकडे आहे. मूठ वर, दुसऱ्या हातात माइकचा दांडा. १९९६ साली बसवला, इरेना सेडलेच्का या शिल्पकार बाईंनी केलेला. पायाशी फुलं, चिठ्ठ्या, मेणबत्त्या असं कायम काहीतरी ठेवलेलं असतं. मी सकाळी सातला गेलो होतो तेव्हा एक आजी ओली फुलं उचलून नीट लावत होत्या, नगरपालिकेच्या की स्वतःहून आलेल्या, विचारायची हिंमत झाली नाही, माझं फ्रेंच "बाँजूर"वर संपतं.

पण खरी जागा पुतळा नाही, कसिनो. चालत पाचदहा मिनिटं. क्वीनने १९७८ ला तिथल्या माउंटन स्टुडिओत 'जाझ' नावाचा अल्बम रेकॉर्ड केला, मग १९७९ ला तो स्टुडिओच विकत घेतला. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी तेव्हा जवळच राहायचा, सहज स्टुडिओत डोकावला आणि त्यातून १९८१ ला 'अंडर प्रेशर' झालं. हे तुला माहीत असणारच, नवऱ्याला ऐकव. त्याच जागेत आता क्वीनचं छोटंसं म्युझियम आहे, प्रवेश फुकट (हे स्वित्झर्लंडमध्ये आहे बरं, फुकट!), देणगीची पेटी आहे, पैसे एड्सवर काम करणाऱ्या मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टला जातात. हातानं लिहिलेली गाण्यांची पानं आहेत, कपडे आहेत, आणि कंट्रोल रूममध्ये एका डेस्कवर तू स्वतः फेडर (एकेका वाद्याचा आवाज कमीजास्त करायची सरकती बटणं) वरखाली करू शकतेस. मी एकेक करून गिटार खाली आणली, ड्रम खाली आणले, आणि शेवटी नुसता आवाज उरला. एवढा उघडा आवाज मी कधी ऐकला नव्हता. श्वास घेतलेला ऐकू येतो. मागे रांग लागली होती, मी हललो नाही. जायच्या आधी ते उघडं आहे ना तेवढं वेबसाइटवर बघून जा, उगाच दारावर जाऊन परत फिरायला नको. तसं झालंच तर बाहेरच्या भिंतीवर जगभरच्या फॅन्सनी मार्करने लिहून ठेवलंय तेच वाचत अर्धा तास जातो.

१९९१ च्या मे महिन्यात, फार आजारी असताना, फ्रेडीने त्या स्टुडिओतच 'मदर लव्ह' गायलं. शेवटचं कडवं राहिलं, ते नंतर क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे याने म्हटलं. नोव्हेंबरात तो गेला. हे गाणं तिथे बाहेर बाकावर बसून हेडफोन लावून ऐक, समोर पाणी आणि पलीकडे फ्रान्सचे डोंगर. मग नवऱ्याला विचार, पुढची गाडी कितीला आहे.

आणि हो, नवऱ्याला पटवायचं हुकमी पान: फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, पारशी पोरगा, जन्म झांझिबारचा पण शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. पहिला बँड तिथेच, 'द हेक्टिक्स'. म्हणजे डोंगरातल्या थंड हवेच्या गावातून निघाला आणि डोंगरातल्याच दुसऱ्या एका गावाशी जाऊन जोडला गेला.

डीप पर्पल या रॉक बँडचं ते गाणंही तिथलंच, 'स्मोक ऑन द वॉटर', कसिनोत रेकॉर्ड करत असताना आग लागली त्यावरचं. गिटार हातात घेतलेला प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात तो रिफ (गाण्याची ती सुरुवातीची धून) वाजवतो आणि शेजारी दार आपटतात.

तळटीप

बेसगिटारभाऊ, सगळं मस्त, पण शेवटी घसरलात. रेकॉर्ड करत असताना आग नाही लागली. ४ डिसेंबर १९७१ ला कसिनोत फ्रँक झापा या अमेरिकन रॉकवाल्याचा कार्यक्रम होता, डीप पर्पलवाले श्रोत्यांत होते. त्यांना दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या कसिनोत अल्बम रेकॉर्ड करायचा होता, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ म्हणजे तो ट्रक घेऊन आलेले. प्रेक्षकांतल्या कोणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन (पेटता इशारा उडवणारं पिस्तूल) झाडली आणि सगळी इमारत पेटली. कोणी मेलं नाही, हे नशीब. जाझ फेस्टिव्हलचा संस्थापक क्लोद नोब्स आत जाऊन पोरांना बाहेर काढत होता, म्हणून गाण्यात तो "फंकी क्लॉड" झालाय. डीप पर्पलवाले नंतर हॉटेलात बसून खिडकीतून बघत होते, धूर तळ्यावर पसरत चाललेला. बास! तेच गाण्याचं नाव.

मग जागा शोधत फिरले. पाव्हियों नावाच्या थिएटरात गेले, तिथे मूळ ट्रॅक कसाबसा झाला तोवर शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि पोलीस दारात. शेवटी हिवाळ्यामुळे बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांत गाद्या लावून बाकीचा अल्बम उरकला. तुमची आत्ताची कसिनो नंतर बांधलेली, १९७५ ची. क्वीनचा स्टुडिओ या नव्या इमारतीत.

आणि जाता जाता, जळालेली ती जुनी कसिनो म्हणजे कुर्साल. तिथल्या ऑर्केस्ट्राचा संचालक १९१२ च्या सुमाराला अर्नेस्ट आन्सेर्मे होता, शेजारच्या वेवेचा. तो आणि रशियन संगीतकार स्त्राविन्स्की तिथेच भेटले, पुढे जन्मभराची (मधली भांडणं वजा जाता) मैत्री. म्हणजे आग लागली ती नुसत्या जुगाराच्या अड्ड्याला नव्हे.

बेसगिटार_वाला

बरोबर, बरोबर. कान धरले. इतकी वर्षं लोकांना चुकीचं सांगत होतो, आता कोणाकोणाला फोन करू.

लोझानकर

मी इथे बाजूलाच शिकायला आहे, लोझानला, ट्रेनने वीसपंचवीस मिनिटं. प्रॅक्टिकल सांगतो, बाकीचं वरचे दिग्गज सांगतायत.

जिनिव्हा एअरपोर्टवरून थेट गाडी आहे, साधारण तास-सव्वा तास. उजवीकडच्या खिडकीत बसा, तळं त्या बाजूला. लोझान सुटलं की लावोचे द्राक्षमळे लागतात, डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांनी, थेट रुळापर्यंत आलेले, २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सप्टेंबर म्हणजे घड लगडलेले असणार. इथे मोबाइल खाली ठेवा प्लीज, दर वेळी बघतो, लोक नेमके तेव्हा हॉटेलचा पत्ता शोधत असतात.

गाव उतारावर आहे. स्टेशन वरच्या अंगाला, तळं खाली. जुनं गाव अजून वर, ते काकूंना नको. पण एकदा खाली काठावर पोचलं की सगळं सपाट, क्लाराँपासून शियाँच्या किल्ल्यापर्यंत एकच रस्ता, गाड्या नाहीत, दर थोड्या अंतरावर बाकं. म्हणून हॉटेल काठाजवळ बघा, थोडं महाग पडलं तरी. रात्री मुक्काम केलात की हॉटेलवाले मॉन्ट्रो रिव्हिएरा कार्ड देतात, त्यावर तिथल्या लोकल बस फुकट आणि बऱ्याच ठिकाणी सवलत. लोक घ्यायलाच विसरतात. मागून घ्या. किल्ल्याकडे २०१ नंबरची बस जाते, पाय दुखले की चढायचं.

किल्ला आतून मात्र उंचसखल दगड आणि जिने जिने. काकूंना तळघरापर्यंत न्या, तिथे १५३६ पर्यंत बोनिव्हार नावाच्या माणसाला खांबाला बांधून ठेवलं होतं, आणि नंतर बायरनने येऊन त्यावर कविता केली, त्याच्या नावाचं कोरीवकाम खांबावर काच लावून जपलंय. वरचे मजले तुम्ही बघा तोवर त्या अंगणात बसतील. किंवा सरळ बोटीतून बघा, किल्ला पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो तो बोटीतूनच. स्विस ट्रॅव्हल पास काढणार असाल तर बोट आणि किल्ला दोन्ही त्यात येतं.

रोशे-द-नेची दातेरी चाकांची गाडी १८९२ ची, स्टेशनातूनच सुटते, २०४२ मीटरचा डोंगर आहे, जवळजवळ वरपर्यंत बसून जाता येतं. ढग असतील तर जाऊ नका, पांढरा पडदा बघायला एवढे फ्रँक कशाला. सकाळी वेबकॅम बघून ठरवा. ट्रेनवेड्या नवऱ्यासाठी: या एकाच स्टेशनात तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ आहेत. आणि इंटरलाकनला जाणारी गोल्डनपास एक्सप्रेस डिसेंबर २०२२ पासून वाटेत चालता चालता चाकांची रुंदी बदलते, पूर्वी त्स्वायझिमेनला उतरून गाडी बदलावी लागायची. सीट आधी आरक्षित करा. तुमचा पुढचा टप्पा इंटरलाकनच आहे ना, मग मॉन्ट्रो आडवाटेला नाहीच, वाटेवरच आहे.

शाकाहार: चीज खात असाल तर उपाशी मरणार नाही. पण फोंड्यूत (वितळवलेलं चीज) पांढरी वाइन असते आणि ग्रुयेरसारख्या चीजमध्ये दूध गोठवायला प्राण्याच्या पोटातलं रेनेट, हे काकूंना चालतं का ते आधी विचारा, नंतर कळलं तर सहल नासेल. रविवारी दुकानं बंद, स्टेशनमधली तेवढी उघडी. नळाचं पाणी बिनधास्त प्या. आणि घरून तुपातलं, दुधाचं काही आणू नका, बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. चिवडा चालतो.

पेंगुळलेली_दुपार

जुलैत जायचं कोणाच्या डोक्यात असेल तर माझी करुण कहाणी. फेस्टिव्हलसाठी पाच महिने आधी रूम बुक केली, आणि आठ दिवस आधी हॉटेलवाल्याचा मेल की "तांत्रिक कारणाने" बुकिंग रद्द. तीच रूम त्याच दिवशी साइटवर अडीचपट भावाने, मी स्वतः बघितली. भांडले, काही झालं नाही, शेवटी लोझानला राहून रोज ये-जा केली.

पण खरं सांगू, तरी परत जाईन. तिकिटाचे शो नाही परवडले मला, पण काठावर फुकटचे स्टेज असतात, दिवसभर कोणी ना कोणी वाजवत असतं, रात्री लोक गवतावर पसरलेले, मध्येच कोणीतरी कपड्यांसकट तळ्यात उडी मारतं. नाव जाझ पण वाजतं सगळंच, रॉक, हिप-हॉप, ब्राझीलचं काहीबाही. १९६७ ला सुरू झालं तेव्हा खरंच तीन दिवसांचं जाझपुरतं होतं म्हणे. २०२४ ला तर सभागृहाचं बांधकाम चालू म्हणून मोठं स्टेज थेट पाण्यावर उभारलं होतं.

सायली_कुठेतरी

बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांना धन्यवाद. नवऱ्याने तीन रुळांचं वाचलं आणि गप्प झाला, आता लॅपटॉपवर गोल्डनपासचे व्हिडिओ बघतोय. फुकटचं म्युझियम वाचून तर माणूस हसला सुद्धा. लोझानकर, तुझ्या पुढच्या परीक्षेला माझे आशीर्वाद.

राहिल्या सासूबाई. त्या म्हणतात "तुम्ही जा तुमच्या त्या मूठवाल्याकडे, मी बसते." त्यांच्यासाठी काही आहे का हो? ते क्लाराँचं कोणीतरी ओझरतं म्हणालं.

वाचनमात्र

मी सहसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. वय ७४, पत्नीबरोबर दोनदा गेलो आहे, दोन्ही वेळा ऑक्टोबरात.

सायलीताई, सासूबाईंना क्लाराँला न्या. मॉन्ट्रोचाच एक भाग, काठाकाठाने चालत गेलं तर अर्धा-पाऊण तास, नाहीतर बस. तिथे बघण्यासारखं म्हणाल तर फारसं काही नाही, हे आधीच सांगतो. साधी घरं, बागा, पाणी. पण १८७८ च्या मार्च महिन्यात रशियन संगीतकार चायकोव्हस्की तिथे येऊन राहिला होता. लग्न मोडलेलं, म्हणजे ते लग्न धड लागलंही नव्हतं, काही आठवड्यांत त्याला पळ काढावा लागला होता, प्रकृती आणि मन दोन्ही ढासळलेलं. त्याचा एक शिष्य, कोटेक नावाचा व्हायोलिनवादक, भेटायला आला, दोघं मिळून बसून वाजवू लागले, आणि महिन्याभरात आख्खा व्हायोलिन कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीने व्हायोलिनची मोठी रचना) लिहून झाला. पहिल्यांदा ज्या वादकाला दाखवला तो वाजवायला तयार झाला नाही. आज तो वाजवल्याशिवाय व्हायोलिनवाल्याचं पान हलत नाही.

आणि त्याच क्लाराँमध्ये तीसपस्तीस वर्षांनी स्त्राविन्स्की. त्याला लिहायला मिळालेली खोली म्हणजे कपाटाची मोठी बहीण, आत एक पियानो (तोही आवाज दाबलेला, शेजाऱ्यांना त्रास नको), एक टेबल आणि दोन खुर्च्या. १७ नोव्हेंबर १९१२ रोजी 'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेचं संगीत तिथे पुरं झालं, त्या वेळी त्याची दाढ भयंकर ठणकत होती असं त्याने स्वतः सांगितलंय. पुढच्या मे महिन्यात पॅरिसला ते सादर झालं तेव्हा प्रेक्षागृहात गदारोळ झाला. आता मॉन्ट्रोच्या मोठ्या सभागृहाला त्याचंच नाव आहे.

माझा सासूबाईंसाठी सल्ला असा की स्त्राविन्स्की ऐकवायच्या भानगडीत पडू नका, पहिल्याच दोन मिनिटांत तुमचं नातं बिघडेल. चायकोव्हस्कीचा तो कॉन्चेर्टो ऐकवा, आणि तोही दुसरा भाग, सहा-सात मिनिटांचाच आहे. व्हायोलिन तिथे गातं. आमच्या हिला रागदारीपलीकडे काही आवडत नसे, तिने ऐकून एवढंच विचारलं, "याची बायको कुठे होती तेव्हा?" मग मी ती लग्नाची गोष्ट सांगितली. तिने पुन्हा लावायला सांगितलं.

सप्टेंबरात असाल तर 'सप्टेंबर म्युझिकाल' या अभिजात संगीताच्या महोत्सवाच्या तारखाही बघून ठेवा, १९४६ पासूनचा आहे. आणि ५ सप्टेंबर हा फ्रेडीचा वाढदिवस, त्याच्या आसपास तुमच्या मंडळींची जत्रा भरते. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा, नाचायचं असेल तर तेच दिवस पकडा.

तळटीप

वाचनमात्र काका, तुम्ही मात्र वाचत नका बसू, लिहीत जा.

एक भर. बिल एव्हन्स या जाझ पियानोवाल्याने १९६८ ला या फेस्टिव्हलला वाजवलं, दुसरंच वर्ष होतं, त्या रेकॉर्डच्या कव्हरवर शियाँचा किल्ला आहे आणि तिला ग्रॅमी मिळालं. सासूबाईंना पियानो झेपला तर बोटीतून किल्ल्याकडे जाताना तेच लावा. आणि नोब्सने पहिल्यापासून सगळे कार्यक्रम चांगल्या दर्जात रेकॉर्ड करून ठेवले, वर डोंगरात को नावाच्या गावी त्याच्या घरात टेपांचं भांडार होतं. २०१३ मध्ये युनेस्कोने त्या संग्रहाची नोंद जागतिक स्मृतिपटात केली. तो स्वतः त्याच वर्षी जानेवारीत गेला, स्कीइंग करताना पडून कोमात गेला होता. पर्यटन कार्यालयात नोकरी करणारा माणूस, गावात पाहुणे यावेत म्हणून गाणं सुरू केलं.

धोपटमार्ग

ठीक आहे, ठीक आहे, मी कसिनोच्या दारावरून दोनदा गेलो होतो आणि आत काय आहे ते मला आज कळतंय. बायकोला हा धागा दाखवू नका.

कॉफीबद्दलचं मत मात्र कायम आहे.

सायली_कुठेतरी

परत आले! उशीर झाला लिहायला, आल्याआल्या सर्दी आणि कपड्यांचा ढीग.

दोन रात्री राहिलो. पहिल्या दिवशी पाऊस, चांगलाच. डोंगर गायब, तळं करडं, नवऱ्याच्या चेहऱ्यावर "बघ" असं लिहिलेलं. म्हणून आधी म्युझियम. फेडरपाशी बेसगिटारने सांगितलं तसं मी एकेक खाली आणत गेले, आणि सासूबाई बाजूला उभ्या होत्या, कान लावून. नुसता आवाज उरला तेव्हा म्हणाल्या, "अगं, हा सुरात आहे की." मी काय बोलणार. बाहेर आल्यावर म्हणाल्या, याला गुरू कोण होता? मी पाचगणीचं सांगितलं तर त्यांना वाटलं मी थापा मारतेय, फोनवर काढून दाखवावं लागलं. संध्याकाळी पुतळ्यापाशी त्याच आधी जाऊन उभ्या. पावसात कोणीतरी त्याच्या पायाशी प्लास्टिकखाली झाकून पिवळी फुलं ठेवली होती, त्यावरचं पाणी त्यांनी रुमालाने निपटलं. (बेसगिटार, तुमच्या आजी दिसल्या नाहीत, आमच्या दिसल्या.)

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. नवरा एकटाच रोशे-द-नेला गेला आणि तीनशे फोटो घेऊन आला, त्यातले दोनशे चाकांचे. आम्ही दोघी बसने क्लाराँ. बाकावर बसून एक एक कानात लावून कॉन्चेर्टोचा दुसरा भाग ऐकला. त्या डोळे मिटून, हात मांडीवर, सवयीने ताल धरायला बघत होत्या आणि तो काही सापडेना. शेवटी म्हणाल्या, "ठेका कुठे लपवलाय यांनी?" मग तो भाग जिथे थांबतच नाही, धाडकन तिसऱ्यात शिरतो, तिथे एवढ्या दचकल्या की कानातलं खाली पडलं, आणि ते बाकाच्या फटीतून खालच्या दगडांत. निघालं नाही. अजून तिथेच असेल.

काका, तुमच्या पत्नीचा प्रश्न मी त्यांना सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पत्ता घे त्यांचा. पत्ता नको, पण कळवा त्या कशा आहेत.

वाचनमात्र

ती बरी आहे, आत्ता शेजारी बसून हे ऐकते आहे. विचारते की कानातलं डावं होतं की उजवं.

सायली_कुठेतरी

डावं. माझं होतं, त्यांचं शाबूत आहे.

नुकताच_आलो

धागा आत्ता वाचला, आम्ही मे महिन्यात जातोय, आईवडिलांना घेऊन. क्लाराँच्या त्या बाकांवर दुपारी सावली असते का?

लोझानकर

नसते, तळ्यावरून ऊन सरळ तोंडावर येतं, टोपी न्या. आणि मे म्हणजे वरच्या लेझाव्हाँच्या कुरणांत रानटी नार्सिसस फुललेले असतात, इथले लोक त्याला मे महिन्यातला बर्फ म्हणतात, मॉन्ट्रोहून छोट्या गाडीने अर्धा तास. तोडू नका फक्त, लांबूनच बघा.